पोटाचा स्कॅन, ग्लुकागॉनचं इंजेक्शन आणि त्याच दिवशी काढलेलं रक्त

आतड्यांचा एमआरआय, सीटी एंटेरोग्राफी किंवा बेरियमची तपासणी करताना काही केंद्रांमध्ये टेबलावर झोपवल्यावर एक छोटं इंजेक्शन देतात. ‘आतडी थोडा वेळ हलू नयेत म्हणून’ एवढंच सांगितलं जातं आणि ते खरंही असतं. पण ते इंजेक्शन ग्लुकागॉनचं असेल, तर पुढचे काही तास रक्तातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या नेहमीच्या जागेवर नसतात. त्या वेळात रक्त काढलं तर मशीन बरोबर आकडा देतं, नळीवरचं नाव बरोबर असतं, आणि तरीही त्या आकड्यावरून भलताच निष्कर्ष निघू शकतो.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लॅबपर्यंत रुग्ण येत नाही, नळी येते आणि सोबत चिठ्ठी येते. चिठ्ठीवर ‘फास्टिंग’ लिहिलेलं असतं. अर्ध्या तासापूर्वी खालच्या मजल्यावर काय टोचलं, हे त्या चिठ्ठीवर सहसा नसतं. ही एक ओळ लिहिली गेली तर कित्येक माणसं नाहक ‘मधुमेही’ ठरण्यापासून वाचतील, असं मला मनापासून वाटतं. म्हणून स्कॅन ठरल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत काय करायचं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडं त्या हार्मोनबद्दल

ग्लुकागॉन आपल्या शरीरात रोज बनतं. स्वादुपिंडातल्या अल्फा पेशी ते तयार करतात. शेजारच्याच बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. २९ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी. इन्सुलिनच्या शोधानंतर लगेच, १९२३ मध्ये किमबॉल आणि मर्लिन या अमेरिकन संशोधकांनी स्वादुपिंडाच्या अर्कात साखर वाढवणारा घटक असल्याचं दाखवलं आणि त्याला हे नाव दिलं.

यकृत म्हणजे साखरेची कणगी. जेवणानंतर इन्सुलिन तिच्यात साखर भरतं आणि उपाशी असताना ग्लुकागॉन ती कणगी उघडून साखर रक्तात सोडतं. तपासणीसाठी मात्र त्याचा दुसराच गुण वापरला जातो: मोठ्या मात्रेत ते जठर आणि आतड्यांचे गुळगुळीत स्नायू सैल करतं. एमआरआयमध्ये १५-२० सेकंद श्वास रोखून चित्र घ्यावं लागतं. तेवढ्या वेळात आतडं वळवळलं तर चित्र धूसर येतं आणि आतड्याच्या भिंतीची सूज किंवा अरुंद झालेला भाग नीट कळत नाही. इंजेक्शनने ती अडचण सुटते.

जठर आणि लहान आतड्यासाठी शिरेतून साधारण ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम, मोठ्या आतड्यासाठी ०.५ ते ०.७५ मिलिग्रॅम देतात. स्नायूत द्यायचं झालं तर १, कधी २ मिलिग्रॅम. शिरेतून दिलं की मिनिटभरात आतडी थंडावतात आणि पुढे दहा-पंधरा मिनिटं तशी राहतात. स्नायूतून दिल्यावर परिणामाला चार ते दहा मिनिटं लागतात, पण तो अर्ध्या तासापर्यंत टिकू शकतो. म्हणजे रेडिओलॉजिस्टचं काम अर्ध्या तासात आटोपतं. मात्र त्या वेळी रक्तातली ग्लुकागॉनची पातळी नेहमीच्या कित्येक पट गेलेली असते. यकृताला ती पातळी स्कॅनसाठी आहे हे कळत नाही. ते साखर सोडतं, मग इन्सुलिन धावून येतं, आणि तिथून पुढची साखळी सुरू होते.

पहिली पायरी: औषधाचं नाव विचारा

आतडी शांत करायला दिलेलं प्रत्येक इंजेक्शन ग्लुकागॉन नसतं. भारतात बहुतेक ठिकाणी हायोसिन ब्युटिलब्रोमाइड देतात. ब्युस्कोपान या नावाने ते घरोघरी ठाऊक आहे. ब्रिटनमध्येही पहिली पसंती त्यालाच. त्याने तोंड कोरडं पडतं, धडधडतं, काही वेळ जवळचं धूसर दिसतं. पण ते यकृतातली साखर बाहेर काढत नाही. ते दिलं असेल तर या लेखातली साखरेची काळजी तुम्हाला लागू नाही.

मग हा लेख कोणासाठी? दोन गटांसाठी. काचबिंदूचा विशिष्ट प्रकार असलेले, प्रोस्टेटमुळे लघवी अडणारे किंवा हृदयाची गती फार वाढण्याचा त्रास असलेले रुग्ण हायोसिन घेऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी ग्लुकागॉन हा पर्याय असतो. ही यादी पुन्हा वाचा: यातली बरीच माणसं साठीच्या पुढची असतात आणि त्यातल्या अनेकांना मधुमेहही असतो. साखरेच्या रिपोर्टचा घोळ ज्यांना सर्वांत महागात पडेल, नेमकं त्यांनाच हे इंजेक्शन मिळण्याची शक्यता जास्त.

दुसरा गट अमेरिकेतल्या मराठी मंडळींचा आणि मुलांकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांचा. तिथे हायोसिनचं इंजेक्शन उपलब्ध नसल्याने ग्लुकागॉनच दिलं जातं. तिकडे स्कॅन होऊन कागद इकडच्या डॉक्टरांकडे आले, तर आपल्या डॉक्टरांच्या मनात ब्युस्कोपान असतं. त्यांना वेगळं सांगावं लागतं.

विचारायचं सरळ: “आतडी शांत करायला कुठलं औषध देणार, किती, आणि शिरेतून की स्नायूत?” उत्तर मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

दुसरी पायरी: हे आजार आणि औषधं टेबलावर जाण्याआधी सांगा

इथे रिपोर्टपेक्षा जीव महत्त्वाचा आहे, म्हणून हे आधी. अधिवृक्क म्हणजे मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतली फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ असेल किंवा तशी शंका घेतली गेली असेल, तर ग्लुकागॉन द्यायचं नसतं. ते त्या गाठीतून ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं सोडवतं आणि रक्तदाब एकदम भयंकर चढू शकतो. एके काळी ही गाठ ओळखायला मुद्दाम ग्लुकागॉन देऊन पाहत; धोक्यामुळेच ती पद्धत मागे पडली. इन्सुलिनोमा म्हणजे इन्सुलिन बनवणारी गाठ असेल तर साखर आधी चढते आणि मग गाठीतून सुटलेल्या इन्सुलिनमुळे कोसळते. ग्लुकागॉन बनवणारी गाठ असली तरीही तपासणीसाठी हे औषध टाळतात. पूर्वी या औषधाची ॲलर्जी आली असेल तर तेही सांगायचं.

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या गटातल्या गोळ्या चालू असतील तर नाडी आणि रक्तदाब तात्पुरते जास्त वाढू शकतात. इंडोमेथॅसिन घेणाऱ्यांमध्ये ग्लुकागॉनचा साखर वाढवण्याचा परिणाम कमी पडू शकतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर त्याचा परिणाम वाढू शकतो, त्याबद्दल पुढे.

आणि मधुमेह. इन्सुलिन घेत असाल तर सकाळचा डोस किती घ्यायचा, घ्यायचा की नाही, हे आदल्या दिवशीच तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. स्कॅन सेंटरच्या रिसेप्शनवर हा निर्णय होऊ नये. दंडावर साखरेचा सेन्सर किंवा कमरेला इन्सुलिन पंप असेल तर एमआरआयच्या खोलीत तो चालतो का, हेही आधी विचारा.

तिसरी पायरी: रक्त आधी, इंजेक्शन नंतर

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही.

बहुतेक वेळा हे अगदी सहज जमतं. शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून दिलं जाणारं द्रव्य) देणार असतील तर मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, आधी लागतंच, त्यासाठी सुई टोचली जाणारच. त्याच टोचण्यात बाकीच्या नळ्याही भरून घ्या. राखाडी झाकणाची साखरेची, जांभळ्या झाकणाची हिमोग्लोबिन आणि एचबीए१सीची (साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी), आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या हार्मोनच्या तपासण्यांची. तुम्ही तसेही उपाशी आहात, म्हणजे फास्टिंगही साधतं.

घोळ होतो तो दुसऱ्या क्रमाने. लांबून आलेलं कुटुंब असतं, एका फेरीत सगळं उरकायचं असतं, स्कॅनचा नंबर आधी लागतो, मग कोणीतरी म्हणतं, “उपाशी आहातच तर जाता जाता रक्तही देऊन जा.” वाक्य अगदी साधं आणि हिताच्या भावनेने म्हटलेलं. तिथेच थांबा. इंजेक्शन ग्लुकागॉनचं असेल तर फास्टिंगचं रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी द्या. गावी परत जाणार असाल तर गावातल्या लॅबमध्ये द्या. साध्या तपासण्यांसाठी ते पुरेसं असतं. पीपी म्हणजे जेवणानंतर दोन तासांची साखरही त्या दिवशी नको. जेवणाचा परिणाम किती आणि इंजेक्शननंतरच्या चढउताराचा किती, हे वेगळं करता येत नाही.

चौथी पायरी: वेळ लिहून द्या

कधी कधी रक्त नंतरच काढावं लागतं. चक्कर आली, उलट्या झाल्या, वॉर्डात दाखल केलं. मग नमुन्यासोबतच्या कागदावर एक ओळ लिहायला सांगा, किंवा स्वतः लिहा: “ग्लुकागॉन १ मि.ग्रॅ., स्नायूत, सकाळी ९.१०, रक्त सकाळी ९.४०.” मात्रा, मार्ग, दोन वेळा. एमआर एंटेरोग्राफीत, म्हणजे आतड्यांच्या एमआरआयत, कधी कधी औषध दोन भागांत देतात, अर्धं सुरुवातीला आणि अर्धं कॉन्ट्रास्टच्या आधी. तसं असेल तर दोन्ही वेळा लिहा. घड्याळ टेबलावर जाताना काढून ठेवलेलं असतं, म्हणून वेळ तंत्रज्ञांनाच विचारा. त्यांच्या नोंदीत ती असते.

पाचवी पायरी: रिपोर्ट आला, आता साखर कशी वाचायची

पुढचे साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. ब्रिटनमधल्या वाचकांनी १८ ने भागावं.

निरोगी, उपाशी माणसाला स्नायूत १ मिलिग्रॅम ग्लुकागॉन दिलं की साखर सरासरी १३८ पर्यंत चढते आणि ही कमाल साधारण २६ मिनिटांनी येते. त्वचेखाली दिलं तर १३६, अर्ध्या तासाच्या आसपास. मग ती उतरू लागते. तास-दीड तासात मूळ जागेजवळ येते आणि काही जणांमध्ये तिच्याही खाली जाते, कारण साखर चढल्यावर सुटलेलं इन्सुलिन अजून काम करत असतं.

समजा, ५५ वर्षांच्या एका बाईंची उपाशीपोटीची साखर नेहमी ९४ असते. त्यांना ९.१० ला इंजेक्शन दिलं, ९.४० ला रक्त काढलं, चिठ्ठीवर ‘फास्टिंग’ लिहिलं. रिपोर्ट आला १३९. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची पातळी. संगणक तो आकडा ठळक छापतो, घरातले घाबरतात, आणि घाईत असलेला डॉक्टर गोळी लिहूही शकतो. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर मधुमेहाचं निदान करायचं नसतं, दुसरा पुरावा लागतो, हा नियम इथे त्यांना वाचवतो. पण तो पाळला गेला तर.

आता याच बाईंचं रक्त ९.४० ऐवजी ११.१५ ला काढलं असतं तर? तेव्हा कदाचित ६४ आलं असतं आणि मग ‘साखर कमी का होते’ याच्या शोधाला सुरुवात झाली असती. एकाच माणसाची, एकाच सकाळची रक्तं. दोन्ही आकड्यांमागे फक्त एक इंजेक्शन आणि त्याला शरीराने दिलेलं उत्तर आहे.

यकृतातला साठाच कमी असेल तर हे चित्र बदलतं. फार दिवसांचा उपवास, कुपोषण, दीर्घकाळचं मद्यपान, यकृताचा मोठा आजार यांत साखर फारशी चढतच नाही. टाइप १ मधुमेहात उलट: चढलेली साखर खाली आणायला स्वतःचं इन्सुलिन नसतं, म्हणून ती जास्त वेळ वर राहते.

लॅबमधली एक बारीक गोष्टही सांगते. साखरेचं रक्त साध्या नळीत ठेवून दिलं तर रक्तपेशी ती साखर वापरत राहतात आणि दर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी आकडा घसरतो. म्हणजे ग्लुकागॉनने वाढवलेली साखर उशिराने तपासलेल्या नळीत ‘नॉर्मल’ दिसू शकते. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि आकडा निर्धोक वाटतो. राखाडी झाकणाच्या फ्लोराइडच्या नळीत घेतलेलं रक्त लवकर तपासणं म्हणूनच गरजेचं.

उलट बाजूची चूकही तितकीच टाळायला हवी. साखर जास्त आली की सगळा दोष इंजेक्शनवर टाकून मोकळं व्हायचं नाही. २४० आकडा आला तर एका निरोगी माणसात एका इंजेक्शनने तेवढं सहसा होत नाही. क्रोन्सच्या आजारासाठी (आतड्यांना दीर्घकाळ सूज येणारा आजार) प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर त्यानेही साखर वाढते, आणि एमआर एंटेरोग्राफी नेमकी अशाच रुग्णांची होते. अशा वेळी एचबीए१सी मदतीला येतं. ते मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. एका सकाळच्या इंजेक्शनने ते हलत नाही. त्याच दिवशीच्या रक्तावर ते केलं तरी चालतं. फक्त लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर ते खऱ्यापेक्षा थोडं जास्त येऊ शकतं आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर बिनभरवशाचं होतं. आतड्यांच्या रुग्णांमध्ये ॲनिमिया इतका सर्रास आढळतो की हे लक्षात ठेवावंच लागतं.

साखरेपलीकडचं

*इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड.* बीटा पेशींमध्ये किती दम उरला आहे हे पाहायला डॉक्टर मुद्दाम १ मिलिग्रॅम ग्लुकागॉन शिरेतून देतात आणि सहाव्या मिनिटाला सी-पेप्टाइड, म्हणजे इन्सुलिन बनताना सोबत सुटणारा तुकडा, मोजतात. ही मान्य तपासणी आहे. म्हणजेच स्कॅननंतर काढलेलं सी-पेप्टाइड हे उपाशीपोटीचं राहतच नाही, ते उत्तेजित केलेलं असतं. टाइप १ की टाइप २ हे ठरवण्यासाठी ते मागवलं असेल तर निर्णय चुकू शकतो. पीसीओएस (बीजांडकोशांचा हार्मोनचा विकार) असलेल्या मुलींना एचओएमए-आयआर, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही याचा अंदाज, करायला सांगतात. त्यात उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून ४०५ ने भागतात. इथे गुणाकारातल्या दोन्ही संख्या फुगलेल्या असतील, तर उत्तर किती फुगेल ते सांगायला नको.

*वाढीचं हार्मोन आणि कॉर्टिसॉल.* हा मुद्दा मी थोडा लांबवणार आहे, कारण त्यात मुलं आहेत. क्रोन्सचा आजार लहान वयात झाला तर मुलाची उंची खुंटू शकते. आतड्यांसाठी एमआर एंटेरोग्राफी आणि उंचीसाठी वाढीच्या हार्मोनची तपासणी, दोन्ही एकाच मुलाच्या फाइलमध्ये असू शकतात आणि आईवडील सुट्टी बघून दोन्ही एका दिवशी ठरवू शकतात. पण ग्लुकागॉन हीच वाढीच्या हार्मोनला जागं करण्याची एक मान्य पद्धत आहे! स्नायूत इंजेक्शन देऊन तीन-चार तास नमुने घेतात आणि हार्मोनची कमाल बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या तासात येते. स्कॅनच्या दिवशी कुठल्यातरी मिनिटाला काढलेला सुटा नमुना ना धड मूळ पातळी सांगतो, ना धड उत्तेजित. दोन तपासण्या वेगळ्या दिवशी ठेवा.

कॉर्टिसॉलचं, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीतून येणाऱ्या शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडचं, तसंच. महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णाचा डोस बंद करताना सकाळी आठचं कॉर्टिसॉल बघतात. अधिवृक्क ग्रंथी जागी झाली आहे का, हा प्रश्न असतो. ग्लुकागॉन, विशेषतः स्नायूतून दिलेलं, त्या ग्रंथीला चेतवतं. शिवाय ग्लुकागॉनने मळमळ होते आणि मळमळ-उलटीच्या ताणानेही कॉर्टिसॉल वाढतं. त्या आकड्यावर विसंबून स्टेरॉइड बंद केलं आणि प्रत्यक्षात ग्रंथी झोपलेलीच असली, तर पुढच्या तापात किंवा शस्त्रक्रियेत रुग्ण गंभीर होऊ शकतो. साखरेच्या चुकीपेक्षा मला ही चूक जास्त घाबरवते, कारण ती लगेच दिसत नाही.

*पोटॅशियम.* ग्लुकागॉननंतर सुटलेलं इन्सुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं, त्यामुळे रक्तातला आकडा काही वेळ खाली येऊ शकतो. एका मात्रेने होणारा फरक सहसा छोटा असतो. मात्र लघवीच्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी आकडा कमी आल्यास डॉक्टरांना इंजेक्शनची वेळ सांगावी.

*कॅटेकोलामाइन आणि मेटानेफ्रिन.* ही ॲड्रेनलिनच्या गटातली द्रव्यं आणि त्यांपासून बनणारे पदार्थ. फिओक्रोमोसायटोमाची शंका असेल तर या तपासण्या स्कॅनच्या आधीच व्हायला हव्यात. शंका फिटल्याशिवाय ग्लुकागॉनच नको.

*आयएनआर.* रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं हे माप; रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांचं ते नियमित बघतात. वॉरफरिनचा परिणाम वाढल्याचं आढळलं ते ग्लुकागॉन मोठ्या मात्रेत, एकाहून जास्त दिवस दिल्यावर. स्कॅनची मात्रा त्यामानाने अगदी छोटी असते. तरी औषधाच्या माहितीपत्रकात इशारा आहे. डॉक्टरांच्या कानावर घाला, आयएनआरची ठरलेली तारीख चुकवू नका, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर काळेनिळे डाग दिसले तर वाट न बघता तपासा.

हिमोग्लोबिन आणि टीएसएच या एका इंजेक्शनने बदलतील अशी भीती बाळगण्याचं कारण नाही.

सहावी पायरी: स्कॅन झाल्यावर खा, पण बघून

रेडिओलॉजीवाल्यांनी परवानगी दिली की पिष्टमय काहीतरी खा. पोहे, मऊ भात, दूध-पोळी, केळं, तुमच्या आहारतज्ज्ञांनी जे चालतं म्हटलं असेल ते. यकृतातून निघालेला साठा परत भरायचा असतो आणि नंतरची साखरेची घसरण टाळायची असते. ग्लुकागॉनचा सर्वांत जास्त दिसणारा त्रास म्हणजे मळमळ आणि उलटी. उपाशी माणूस, त्यात उलट्या, त्यात मागाहून घसरणारी साखर, असं झालं तर त्रास होऊ शकतो. म्हणून ज्येष्ठांना एकट्याने रिक्षाने घरी पाठवू नका. सोबत कोणीतरी असावं आणि खिशात साखरेची पुडी असावी.

ग्लुकोमीटर असेल तर इंजेक्शननंतर साधारण एका, दोन आणि तीन तासांनी बोट टोचून आकडे वेळेसकट लिहा. घाम, थरथर, धडधड, विचित्र भूक, गोंधळल्यासारखं वाटणं असेल तर लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सावरल्यावर नीट खा. माणूस बेशुद्ध होत असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काही ओतू नका. थेट दवाखाना गाठा.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. स्कॅननंतर मीटरवर २३० दिसलं की हात लगेच करेक्शनच्या, म्हणजे साखर खाली आणायच्या जादा इन्सुलिनच्या, डोसकडे जातो. ती चढण बरीचशी तात्पुरती असते. तिच्यावर पूर्ण डोस टोचला आणि तासाभराने ती आपोआप उतरू लागली, तर दोन्ही उतार एकत्र येतात. डॉक्टरांना फोन करून, इंजेक्शनची वेळ सांगून मगच डोस ठरवा. टाइप १ असेल तर इन्सुलिन पूर्ण बंद ठेवणंही धोक्याचं असतं, म्हणून तो फोन टाळू नका.

सातवी पायरी: पुन्हा रक्त कधी द्यायचं

ग्लुकागॉन स्वतः रक्तातून फार लवकर जातं. शिरेतून दिल्यावर त्याचं अर्धायुष्य मिनिटांतच मोजलं जातं. रेंगाळतात ते त्याने सुरू केलेले प्रतिसाद. माझा सल्ला असा: साखर, इन्सुलिन, सी-पेप्टाइड, लिपिड यांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीचं जेवण नेहमीसारखं घेऊन, नेहमीच्या उपासाने रक्त द्या. पोटॅशियमवर उपचार ठरणार असेल तर त्याच दिवशी काही तासांनी पुन्हा बघता येईल. वाढीचं हार्मोन, कॉर्टिसॉल आणि कॅटेकोलामाइनच्या गटासाठी तारीख अंतःस्राव तज्ज्ञांनाच ठरवू द्या, आणि मळमळ, उलट्या, जुलाब पूर्ण थांबल्याशिवाय ती नको.

सगळा दोष ग्लुकागॉनला देऊ नका

त्याच दिवशी शरीरात बाकीही बरंच गेलेलं असतं. एमआरआयच्या गॅडोलिनियम कॉन्ट्रास्टपैकी गॅडोडायअमाइड या प्रकारामुळे रंगावरून मोजणाऱ्या काही लॅब पद्धतींमध्ये कॅल्शियम खोटं कमी दिसतं. रक्तात ते कमी झालेलं नसतं, फक्त मोजणी फसते. मूत्रपिंड कमजोर असेल तर हा घोळ जास्त वेळ टिकतो. फॉस्फेट असलेलं पोट साफ करण्याचं औषध घेतलं असेल तर मात्र फॉस्फेट खरोखर वाढतं आणि कॅल्शियम, पोटॅशियम खरोखर उतरू शकतं. सीटीच्या आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टनंतर थायरॉइडचा आयोडीन-अपटेक स्कॅन काही आठवडे पुढे न्यावा लागतो. स्वादुपिंडाच्या नळीचा एमआरआय करताना कधी कधी सिक्रेटिन हे वेगळंच हार्मोन देतात. त्यानंतर अमायलेज, लायपेज काही वेळ वाढलेलं दिसू शकतं. म्हणून लॅबच्या कागदावर ‘स्कॅन झाला’ एवढं पुरत नाही. काय काय दिलं, ते लिहायला हवं.

लॅब आणि रेडिओलॉजीतल्या सहकाऱ्यांना

रक्त घेणाऱ्या माणसाने “काही खाल्लंय का?” या नेहमीच्या प्रश्नाला “आज कुठला स्कॅन किंवा इंजेक्शन झालंय का?” हा प्रश्न जोडावा. दहा सेकंद लागतात. स्कॅन सेंटरने डिस्चार्जच्या कागदावर औषधाचं नाव, मात्रा, मार्ग आणि वेळ छापावी. कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) ज्या हातात आहे आणि ज्यातून औषध किंवा ग्लुकोज गेलं आहे, त्या हातातून नमुना घेऊ नये.

आणि इंजेक्शन दिल्याचं नंतर कळलं, तर नमुना फेकून न देता, रिपोर्टच्या खाली टीप टाकावी: “नमुना ग्लुकागॉन दिल्यानंतर ३० मिनिटांनी घेतला आहे. साखर, इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडचे आकडे उपाशीपोटीचे समजू नयेत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासावे.” एवढं लिहून पाठवल्यावर मी डॉक्टरांना फोनही करते, कारण टीप बारीक अक्षरात असते आणि आकडा ठळक.